दार-ए-सलाममध्ये रुळताना

दार-ए-सलाम हे टांझानियातील सर्वांत मोठे शहर हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ७ अंशांवर वसले आहे. देशाची राजधानी डोडोमा असली, तरी मुख्य बंदर, बँका, मोठ्या कंपन्या आणि मोठी इस्पितळे इथेच एकवटली आहेत. २०२२ च्या जनगणनेत दार-ए-सलाम प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख भरली. भारताशी या किनाऱ्याचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात गुजराती आणि कच्छी व्यापारी इथे आले, पुढे वसाहतीच्या काळात गोमंतकीयांनी सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या. आज कारखान्यांचे व्यवस्थापक, हिशेबतज्ज्ञ, अभियंते, डॉक्टर आणि त्यांची कुटुंबे येतात. एअर टांझानियाने २०१९ मध्ये मुंबईशी थेट विमानसेवा सुरू केली आणि २०२३ मध्ये झांझिबारमध्ये आयआयटी मद्रासचे संकुल उभे राहिले.

मुंबई-कोकणातून जाणाऱ्याला हे शहर पहिल्या नजरेत परके वाटत नाही. हवा दमट, किनाऱ्याला नारळ, बाजारात आंबे-फणस, वाहतूक डावीकडून, रस्त्यावर रिक्षा आणि खाणावळीत चपाती-चहा. या ओळखीचा आधार वाटतो, पण तीच फसवतेही. जे उघडउघड वेगळे आहे त्याची तयारी माणूस आधीच करून येतो. सारखे दिसते पण वेगळ्या नियमाने चालते, त्याची तयारी कोणी करत नाही. ताप, पाणी, घड्याळ, साधे अभिवादन या सगळ्यांत हाच अनुभव येतो.

हवामान आणि शरीर

इथले वर्ष उन्हाळा-पावसाळा-हिवाळा असे विभागलेले नाही. मार्च ते मे या काळात ‘मासिका’ हा मोठा पाऊस पडतो, तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ‘वुली’ हा छोटा, बेभरवशाचा पाऊस. वर्षभराचा पाऊस साधारण १,१०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. डिसेंबर ते मार्च सर्वांत उकाड्याचे महिने, तेव्हा दुपारचे तापमान ३२ अंशांपर्यंत जाते आणि रात्रीही २५ च्या खाली फारसे उतरत नाही. जून ते ऑगस्ट हा काळ सुखद असतो. त्यामुळे भारतात आषाढ-श्रावणाची झड लागलेली असते तेव्हा इथे कोरडी हवा आणि आल्हाददायक सकाळ असते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम पाऊण तासाचा फरक असल्याने सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि तितक्याच वाजता मावळतो. संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो, अंधार लवकर पडतो.

उष्म्याशी शरीर जुळवून घेते त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. पण हा बदल होण्यासाठी शरीराला रोज थोडा वेळ उष्म्यात राहावे लागते. घर, गाडी आणि कचेरी तिन्हीकडे वातानुकूलन असेल, तर महिना उलटला तरी बाहेर पाऊल टाकताच जीव कासावीस होतो. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेतून आलेल्यांना तापमानापेक्षा दमटपणाच जास्त छळतो, कारण हवेत बाष्प भरपूर असले की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. पहिल्या पंधरवड्यात श्रमाची कामे सकाळी उरकणे, सुती सैल कपडे वापरणे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहणे एवढे पुरते. घामोळे आणि जांघेतील बुरशी या तक्रारी मात्र स्थिरावल्यावरही सुटत नाहीत. त्यांच्यावर अंग कोरडे ठेवणे हाच मुख्य उपाय.

ताप, डास आणि गोडे पाणी

भारतीय माणसाला मलेरिया ठाऊक असतो, आणि नेमकी तीच ओळख इथे घातक ठरते. टांझानियात होणारा मलेरिया बहुतेक वेळा प्लास्मोडियम फाल्सिपॅरम या परजीवीचा असतो. उपचाराला उशीर झाल्यास तो मेंदू, मूत्रपिंडे आणि फुप्फुसांपर्यंत पोचून काही दिवसांत प्राण घेऊ शकतो. लहानपणी मलेरिया होऊन गेला म्हणून संरक्षण मिळते असेही नाही. वारंवार संसर्गातून येणारी अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती सतत संपर्क नसेल तर ओसरते. म्हणून ‘व्हायरल असेल, दोन दिवस बघू’ ही सवय इथे सोडावी लागते. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचे, हा नियम. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी जलद चाचणी लहान दवाखान्यांतही मिळते आणि निकाल पाव तासात कळतो. साध्या मलेरियावर आर्टेमिथर आणि ल्युमेफँट्रिन यांची संयुक्त गोळी तीन दिवस दिली जाते. ताप उतरला तरी मात्रा पुरी करावी लागते.

दार-ए-सलाममध्ये मलेरियाचे प्रमाण व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किंवा दक्षिणेकडच्या ग्रामीण भागापेक्षा बरेच कमी आहे. तरीही शहराबाहेर मुक्काम असणाऱ्यांनी, लहान मुलांनी आणि विशेषतः गर्भवती स्त्रियांनी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस डास रात्री चावतो, म्हणून कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हा सर्वांत भरवशाचा उपाय. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शहरात २०१४ आणि २०१९ मध्ये डेंग्यूच्या मोठ्या साथी आल्या होत्या. दोन्ही आजारांची सुरुवात सारखीच असल्याने निदान तपासणीवरच सोपवावे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

भारतातून गेलेल्यांना सहसा ठाऊक नसलेले आणखी दोन धोके आहेत. पहिला बिल्हार्झिया. या रोगाचे परजीवी गोड्या पाण्यातील गोगलगायींत वाढतात, तिथून पाण्यात उतरतात आणि माणसाच्या अखंड त्वचेतूनही आत शिरतात. पाणी प्यायलाच हवे असे नाही, गुडघाभर पाण्यात उभे राहिले तरी पुरते. नदी-तळ्यात डुंबायची सवय असलेल्यांनी इथे समुद्रावर समाधान मानावे, कारण खाऱ्या पाण्यात हा धोका नसतो. दुसरा धोका तुंबू माशीचा. ती बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते, त्यातून निघालेली अळी त्वचेत शिरते आणि तिथे गळवासारखी गाठ येते. त्यामुळे आतल्या कपड्यांना आणि तान्ह्या बाळाच्या लंगोटांनाही शिवणीपर्यंत कडक इस्त्री करण्याची इथे रीत आहे.

आजारपणासाठी आगा खान रुग्णालय, हिंदू मंडळ रुग्णालय आणि मुहिंबिली राष्ट्रीय रुग्णालय ही शहरातील जुनी, परिचित नावे. गंभीर रुग्णाला विमानाने नैरोबीला किंवा भारतात हलवण्याची वेळ येऊ शकते. तो खर्च विम्यात धरला आहे की नाही, हे नोकरीचा करार करतानाच पाहून घ्यावे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्यांकडे लसीकरणाचा दाखला मागितला जातो. केनिया किंवा इथिओपियात मुक्काम करून येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि २०१६ पासून तिचा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरला जातो.

घर, वीज आणि पाणी

नोकरीसाठी येणाऱ्याला दोन परवाने लागतात: कामाचा परवाना कामगार खात्याकडून आणि निवासाचा परवाना स्थलांतर खात्याकडून. अवलंबित म्हणून आलेल्या पती-पत्नीला स्वतंत्र परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. सिमकार्ड बोटांचे ठसे देऊनच मिळते. २०१९ च्या १ जूनपासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी असून विमानतळावरच त्या काढून टाकाव्या लागतात. घरून मसाले, पापड, लाडू नेणाऱ्यांनी सामान कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरावे. कारखान्यातून आलेल्या मूळ वेष्टनांना ही बंदी लागू नाही.

घराचे भाडे महिन्याच्या महिन्याला देण्याऐवजी तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे आगाऊ देण्याची पद्धत आहे. पूर्वी चांगल्या वस्तीतली भाडी सर्रास डॉलरमध्ये सांगितली जात. २०२५ मध्ये आलेल्या नियमांनी देशांतर्गत व्यवहारांत किमती परकी चलनात सांगण्यास मनाई केली. मसाकी आणि ऑयस्टर बे या समुद्रालगतच्या वस्त्या महागड्या, तिथे दूतावास आणि परदेशी कंपन्यांचे लोक राहतात. उपांगा आणि किसुटू या भागांत भारतीय वस्ती जुनी आहे. देवळे, मशिदी, जमातखाने, किराणा दुकाने आणि मिठाईची दुकाने तिथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

वीज टानेस्को ही सरकारी कंपनी पुरवते. दाब भारतासारखाच २३० व्होल्टचा असल्याने मिक्सर-कुकर चालतात, मात्र प्लगच्या पिना बहुधा चपट्या चौकोनी, ब्रिटिश धाटणीच्या असतात. घरोघरी ‘लुकू’ हा आगाऊ पैसे भरण्याचा मीटर आहे. मोबाइलवरून पैसे भरले की वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरमध्ये टाकला की युनिटे जमा होतात. युनिटे संपली की वीज लगेच जाते, बिल थकण्याची सोयच नाही. त्यामुळे नव्याने आलेल्यांचा पहिला अंधार अनेकदा भारनियमनाचा नसून रिकाम्या मीटरचा असतो. भारनियमनाचा इतिहासही मोठा आहे. रुफिजी नदीवरील २,११५ मेगावॅट क्षमतेच्या ज्युलियस न्येरेरे जलविद्युत प्रकल्पातून २०२४ मध्ये वीज मिळू लागल्यावर पुरवठा पुष्कळ सुधारला. तरी वाहिन्यांतील बिघाड आणि दाबाचे चढउतार होतात, म्हणून फ्रीजला स्टॅबिलायझर लावतात.

शहराचे बरेचसे पाणी रुवू नदीतून येते. नळाला रोज पाणी येईलच असे नसल्याने घराला टाकी असणे आवश्यक. जिथे नळ पोचलेला नाही तिथे कूपनलिका किंवा टँकर असतो, आणि किनाऱ्याजवळच्या कूपनलिकांचे पाणी खारट लागते. पिण्याचे पाणी खळखळून उकळलेले किंवा बाटलीबंद असावे. पावसाळ्यात कॉलऱ्याच्या साथी आल्याचा इतिहास आहे, त्यामुळे कच्च्या भाज्या, बर्फ आणि रस्त्यावरचे रस यांबाबत भारतात पाळतो तेवढीच सावधगिरी हवी. जुलाब लागल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडेथोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा आणि प्रमाण चुकवू नये.

घड्याळ, पैसा आणि प्रवास

टांझानियाची प्रमाणवेळ भारताच्या अडीच तास मागे आहे, पण खरा घोटाळा घरातल्या घड्याळाशी होतो. स्वाहिली बोलणारे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, दुपारचे बारा म्हणजे सहा. सुतार ‘चार वाजता येतो’ असे स्वाहिलीत म्हणाला, तर तो सकाळी दहाला दारात उभा राहील, आणि घरमालक मात्र दुपारी चारला त्याची वाट पाहील. इंग्रजीत बोलताना तीच माणसे कचेरीचे घड्याळ वापरतात. म्हणून वेळ ठरवताना सकाळ, दुपार की रात्र हे विचारून सहा तासांचा फरक पडताळून घ्यावा.

पैशांचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर चालतात. शेजारच्या केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा सेवा २००८ मध्ये टांझानियात आली. त्यासाठी बँक खाते लागत नाही. गल्लोगल्ली बसलेल्या ‘वकाला’कडे, म्हणजे एजंटाकडे, रोख दिली की ती फोनच्या खात्यात जमा होते. मात्र भारतातल्या यूपीआयच्या सवयीने वागून चालत नाही, कारण इथे पैसे पाठवताना आणि काढताना शुल्क पडते.

प्रवासासाठी डालाडाला या मिनीबस, ‘बजाजी’ म्हणजे तीनचाकी रिक्षा आणि ‘बोडाबोडा’ म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली आहेत. रिक्षांना ते नाव पडले ते पुण्याच्या बजाज ऑटोमुळेच. डालाडालाचा मार्ग पाटीवरून आणि अंगावरच्या रंगीत पट्ट्यावरून ओळखतात. २०१६ पासून स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बस सुरू झाल्या. त्यांना लोक ‘म्वेन्डोकासी’ म्हणतात. रिक्षा-मोटरसायकलींना मीटर नसतो, भाडे बसण्यापूर्वी ठरवावे किंवा ॲपवरून गाडी बोलवावी. बोडाबोडाचे अपघात फार होतात, तेव्हा हेल्मेटशिवाय बसू नये. रात्री पायी फिरणे आणि रस्त्याच्या कडेने फोन हातात धरून चालणे टाळलेले बरे, कारण जाता जाता मोटरसायकलवरून पिशवी किंवा फोन हिसकावण्याचे प्रकार घडतात.

बाजार आणि स्वयंपाक

मराठी स्वयंपाकघर इथे फारसे अडत नाही. तूर, मूग, चवळी आणि हरभरा टांझानियातच पिकतो. तूर तर मोठ्या प्रमाणावर भारताला निर्यात होते, आणि मट्वाराकडचा कच्चा काजूही भारतातल्या कारखान्यांत सोलायला येतो. तांदूळ उत्तम मिळतो, विशेषतः म्बेया भागातला वासाचा. नारळ, चिंच, कच्ची केळी, भेंडी, वांगी, आले, मिरची सगळे मुबलक. ‘म्चिचा’ ही पालेभाजी माठाच्याच कुळातली. किव्हुकोनीच्या मासळी बाजारात सकाळी ताजी सुरमई मिळते. कढीपत्ता, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला यांसाठी किसुटूच्या भारतीय दुकानांत जावे लागते, आणि आयात माल महाग पडतो. कारिआको हा सर्वांत मोठा घाऊक बाजार. तिथे घासाघीस चालते, पण ती हसतखेळत.

स्थानिक जेवणाचा कणा म्हणजे ‘उगाली’. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला हा घट्ट गोळा हाताने मोडून भाजी, उसळ किंवा माशाच्या रश्शात बुडवून खातात. दुपारच्या वेळी ‘मामा लिशे’ म्हणजे रस्त्याकडेला जेवण विकणाऱ्या बायकांकडे उगाली किंवा भात, उसळ आणि पालेभाजी स्वस्तात मिळते. शाकाहारी माणसाला हे ताट पुरते, फक्त रस्सा मांसाचा आहे का ते विचारून घ्यावे. रमजानमध्ये दार-ए-सलामची बरीच दुकाने उघडी असतात, मात्र झांझिबारमध्ये दिवसा उघड्यावर खाणेपिणे टाळावेच लागते.

माणसे आणि भाषा

इथे कोणत्याही कामाची सुरुवात विचारपूस करून होते. दुकानात शिरताच भाव विचारणे, शिपायाला पाहताच काम सांगणे हे भारतीय शहरी माणसाला नेहमीचे वाटते. इथे ते उद्धटपणात जमा होते. आधी ‘हबारी’ म्हणून ख्यालीखुशाली विचारायची, उत्तर ऐकायचे, आपली सांगायची आणि मग कामाचे बोलायचे. वयाने मोठ्यांना ‘शिकामू’ म्हणतात, ते ‘मराहबा’ असे उत्तर देतात. कोणाला ठेच लागली, कोणी आजारी पडले, किंवा कोणी नुसते दमले तरी ‘पोले’ म्हणून सहानुभूती दाखवतात. बाईला तिच्या मुलाच्या नावाने, ‘अमुकची आई’ अशा अर्थाने हाक मारतात. सर्वांसमोर आवाज चढवणे ही मोठी मानहानी समजतात, ओरडणाऱ्याची जास्त. काम अडले तर संयमाने पुन्हा पुन्हा जाणे, हाच इथला रस्ता.

नवा भारतीय माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. स्थानिकांच्या डोळ्यांत तो ‘म्हिंदी’ असतो, आणि त्या प्रतिमेमागे शतकाहून मोठा इतिहास आहे. वसाहतकाळात गोरे अधिकारी वर, आशियाई व्यापारी मध्ये आणि आफ्रिकी प्रजा खाली अशी उतरंड होती. टांगानिका १९६१ मध्ये स्वतंत्र झाला, १९६४ मध्ये झांझिबारशी एकत्र येऊन टांझानिया बनला. ज्युलियस न्येरेरे यांच्या समाजवादी धोरणात १९७१ मध्ये भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांचे मालक बहुतांशी आशियाई होते, आणि अनेक कुटुंबे देश सोडून गेली. आजही भारतीयांबद्दल श्रीमंत, कामसू, पण आपल्यातच राहणारे असा समज आढळतो. घरकामाच्या बाईशी, रखवालदाराशी आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांशी कसे वागतो, यावर तो समज पक्का होतो किंवा पुसला जातो.

त्यासाठी स्वाहिली यावी लागते. शहरातील सुशिक्षितांना इंग्रजी येते, पण बाजार, दवाखाना, पोलीस चौकी आणि शेजार स्वाहिलीतच चालतात. लिपी रोमन आहे आणि उच्चार जवळपास लिहिल्याप्रमाणेच. अरबी-फारसीतून आलेल्या बऱ्याच शब्दांमुळे सुरुवातीला हुरूप येतो, मात्र व्याकरण बांटू धाटणीचे असून नामांचे अनेक वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे विशेषण-क्रियापदांचे उपसर्ग बदलतात. कामापुरती भाषा तीन-चार महिन्यांच्या नियमित सरावाने येते.

मनाचे रुळणे आणि परतणे

नव्या समाजात गेल्यावर होणाऱ्या मानसिक ताणाला ‘कल्चर शॉक’ हे नाव रूढ केले ते मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी. १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथील व्याख्यानात त्यांनी सुरुवातीचा उत्साह, मग चिडचिड व आपल्याच लोकांत शिरून बसणे, नंतर सावरणे आणि शेवटी स्वीकार असे टप्पे मांडले. स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासवृत्तिधारकांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचे जुळवून घेणे त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांपेक्षा कमकुवत होते, असे तिच्यात आढळले. पुढच्या संशोधनात हा आलेख सर्वांना लागू पडत नसल्याचे दिसले. काहींना सुरुवातीलाच सर्वांत जास्त त्रास होतो.

दार-ए-सलाममध्ये हा ताण सर्वांत जास्त सोसावा लागतो तो बहुधा नोकरीवर जाणाऱ्याला नव्हे, घरी राहणाऱ्या जोडीदाराला. कचेरीत वेळापत्रक, सहकारी आणि अधिकार आयते मिळतात. घरी वीज, पाणी, बाजार आणि मुलांची शाळा परक्या भाषेत एकट्याने सांभाळावी लागते. भारतीय मंडळे आणि सणवार पहिल्या वर्षी आधार देतात. पण सगळा वेळ त्याच वर्तुळात गेला तर गाऱ्हाण्यांचीच देवाणघेवाण वाढते. ठरलेला भाजीवाला, भाषेचा वर्ग, समुद्रावरचा सकाळचा फेरा अशा लहान, नेमाच्या गोष्टींनी दिवसाला आकार येतो.

परतीच्या प्रवासानंतरही दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे उलटा धक्का. जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले, की मायदेशी परतल्यावर जुळवून घेण्याचा हाच क्रम पुन्हा घडतो, आणि घरच्यांना त्याची कल्पना नसल्याने तो जास्त एकाकी असतो. दुसरी गोष्ट वैद्यकीय आहे. प्रतिबंधक गोळ्या सुरू असतील तर त्या परतल्यानंतरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात: डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. फाल्सिपॅरम मलेरिया देश सोडल्यावर बहुधा महिनाभरात, क्वचित तीन महिन्यांनीही प्रकट होतो. त्या काळात ताप आला, तर आफ्रिकेतून आल्याचे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.